शाश्वततेचा सल्लागार : एका नव्या व्यवसायाची घडण, त्याची परिभाषा आणि जालना जिल्हा

गेल्या तीन-चार दशकांत आपल्या औद्योगिक जीवनात एक नवा व्यवसाय रूढ झाला आहे. मोठ्या कंपन्यांना पाणी, वीज, कचरा, धूर, कामगारांची सुरक्षितता आणि भोवतालच्या वस्तीचे हित ह्यांविषयी सल्ला देणारा, त्यांचे हिशेब मांडून देणारा आणि ते हिशेब जगापुढे कसे ठेवावेत हे सांगणारा असा हा तज्ज्ञ होय. इंग्रजीत त्याला भारदस्त पदनामे आहेत; मराठीत त्याला अद्यापि सर्वमान्य नाव नाही. कोणी ‘शाश्वतता-सल्लागार’ म्हणतो, कोणी ‘पर्यावरण-सल्लागार’ म्हणून वेळ मारून नेतो. ज्या व्यवसायाला नाव नाही त्याची आपल्या भाषेत चिकित्साही होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात ह्या व्यवसायाची घडण कशी झाली, त्यातील मनुष्य कोणत्या पायऱ्यांनी वर चढतो आणि त्याच्या कामात भाषेचा प्रश्न कोठे निर्माण होतो, ह्यांचा विचार करावयाचा आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून जालना जिल्ह्याचे क्षेत्र डोळ्यांपुढे ठेवले आहे. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या ह्या जिल्ह्यात पोलादाच्या भट्ट्या आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, आणि पाण्याची ओढ तर जुनीच आहे. तेव्हा ह्या सल्लागाराला लागणारे सर्व विषय येथे एकत्र सापडतात.

१. ‘शाश्वत’ ह्या शब्दाविषयी

प्रथम मूळ संज्ञेकडे वळू. मूळ इंग्रजी धातू लॅटिनमधून आलेला असून त्याचा व्युत्पत्त्यर्थ ‘खालून धरून ठेवणे, पेलणे’ असा आहे. जर्मन भाषेत ह्याच कल्पनेसाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘पुढच्यासाठी राखून ठेवणे’ असा होतो. त्याचा शास्त्रीय वापर १७१३ साली हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ ह्याच्या वनविषयक ग्रंथात आढळतो. हा कार्लोविट्झ वनाधिकारी नव्हता. सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे तो खाणींचा प्रशासक होता. धातू गाळण्याच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा जेवढे वाढते तेवढेच तोडावे, असा विचार त्याला मांडावा लागला. म्हणजे ही कल्पना ऋषींच्या आश्रमात वा निसर्गप्रेमी कवींच्या मनात उपजली नसून भट्टीच्या तोंडाशी, इंधनाच्या टंचाईतून उपजलेली आहे. जालन्याच्या वाचकाने हे विशेष ध्यानात घ्यावे.

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या व ग्रो हार्लेम ब्रुंटलांड अध्यक्ष असलेल्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ही संज्ञा जगभर पसरली. पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याची शक्ती न खुंटविता आजच्या गरजा भागविणे, असा तिचा आशय त्या अहवालात स्थिरावला. मराठीने तिच्यासाठी ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग स्वीकारला. आता ‘शाश्वत’ हा शब्द ‘शश्वत्’ ह्या अव्ययापासून आला आहे; त्याचा अर्थ ‘सतत, पुनःपुन्हा’. मराठीत तो संतवाङ्मयाच्या आणि कीर्तनाच्या संस्कारातून मुरला आहे. देह अशाश्वत, आत्मा शाश्वत, ही जोडी अशिक्षित श्रोत्यालाही ठाऊक असते. परिणामी आपल्या कानाला ‘शाश्वत’ म्हणजे जे मुळातच नाश पावत नाही ते. त्यात कोणी काही पेलत नाही, कोणावर भार पडत नाही, कोणाला हात आवरता घ्यावा लागत नाही.

लॅटिन शब्दात मात्र पेलणारा कोणीतरी गृहीत आहे. आपल्याकडे हा अर्थ ‘धृ’ ह्या धातूच्या परिवारात आहे. ‘धारण’, ‘आधार’, ‘धरणी’ हे शब्द त्याच कुळातील. आणि जालना शहराला ज्या जायकवाडीचे पाणी नळाने मिळते ते ‘धरण’ही त्याच कुळातील. मृदाशास्त्राची मराठी पुस्तके जमिनीच्या ‘जलधारणशक्ती’विषयी लिहितात ती ह्याच अर्थाने. ‘धारणक्षम’ हा शब्द म्हणूनच मूळ कल्पनेला अधिक जवळचा होता. तो रूढ झाला नाही, आणि रूढ शब्द अट्टाहासाने बदलण्यात शहाणपण नाही. ह्या लेखातही ‘शाश्वतता’ हाच शब्द योजिला आहे. तथापि शब्दाने अर्थाचा कोणता भाग गाळला हे ओळखून असावे. ‘शाश्वत उद्योग’ असे म्हटल्याने उद्योगाला एक गुण चिकटविल्यासारखे होते. ‘हा उद्योग कोणाच्या आधारावर उभा आहे, आणि तो आधार किती दिवस पुरेल’ असे विचारल्याने हिशेब सुरू होतो. सल्लागाराचे खरे काम ह्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

२. व्यवसायाची घडण

हा व्यवसाय आपल्याकडे तीन टप्प्यांनी घडला आहे. पहिला टप्पा प्रदूषणाच्या कायद्यांचा. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण-प्रतिबंधाचा कायदा केला व १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिले. पुढे केंद्राचे जल अधिनियम १९७४ साली, वायु अधिनियम १९८१ साली आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ साली आला. १९९४ साली व पुन्हा २००६ साली निघालेल्या अधिसूचनांनी मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचे पूर्वमूल्यमापन बंधनकारक केले. ह्या काळातील सल्लागार बहुधा स्थापत्य वा रसायन शाखेचा अभियंता असे. सांडपाणी कसे शुद्ध करावे, धुराड्याची उंची किती असावी, हे त्याचे विषय. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन केलेले आणि पुढे ‘एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंट सेंटर’ ही सल्लागार संस्था उभारणारे डॉ. प्रसाद मोडक हे ह्या पिढीचे ठळक मराठी उदाहरण होय. प्राध्यापकी, सल्ला आणि ग्रंथलेखन ही तिन्ही अंगे त्यांच्या कारकीर्दीत एकत्र आली आहेत. टाकाऊ द्रव्य निर्माण झाल्यावर ते धुऊन काढण्यापेक्षा ते निर्माणच होऊ न देणे हिताचे, हा विचार ह्याच पिढीने कारखानदारांपर्यंत पोहोचविला.

दुसरा टप्पा व्यवस्थापन व लोकोपकार ह्यांचा. १९९४ साली जॉन एल्किंग्टन ह्या इंग्रज सल्लागाराने नफ्याचा हिशेब तिहेरी असावा, पैसा, माणसे आणि पृथ्वी ह्या तिघांचा ताळेबंद एकत्र मांडावा, अशी कल्पना मांडली. १९९६ साली पर्यावरण-व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १४००१, प्रसिद्ध झाले. आपल्याकडे कंपनी अधिनियम, २०१३ ह्याच्या कलम १३५ ने निर्णायक वळण दिले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, असा दंडक १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. जालन्यात १९६४ साली ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापणाऱ्या आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळविणाऱ्या बद्रीनारायण बारवाले ह्यांच्या पिढीला उद्योजकाने गावासाठी काही करणे हे नवे नव्हते. परंतु त्यासाठी शब्द होता ‘दानधर्म’. दान देणाऱ्याकडे हिशेब मागत नाहीत. ‘उत्तरदायित्व’ ह्या शब्दात मात्र उत्तर देणे आले; आणि उत्तर द्यावयाचे म्हटले की ते तयार करून देणारा माणूस लागतो.

तिसरा टप्पा नोंदीचा व पडताळणीचा. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ साली ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे दिली. पुढील वर्षी सेबीने पहिल्या १०० सूचिबद्ध कंपन्यांना त्यांनुसार अहवाल देणे भाग पाडले. २०२१ साली सेबीने नवा, बराच तपशीलवार नमुना ठरविला आणि २०२२-२३ ह्या वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक केला. त्यात ९ तत्त्वे आहेत. २०२३ साली ह्या माहितीतील गाभ्याच्या आकड्यांची त्रयस्थाकडून तपासणी करून घेण्याची अट प्रथम १५० मोठ्या कंपन्यांना लागू झाली. ह्या टप्प्यात अभियंत्याच्या जोडीला सनदी लेखापाल, कायदेपंडित आणि संख्याशास्त्रज्ञ आले, आणि मोठ्या लेखापरीक्षण-संस्थांनी आपले स्वतंत्र विभाग उघडले. आज ह्या क्षेत्रातील ‘नेता’ म्हणतात तो बहुधा अशा विभागाचा प्रमुख असतो.

३. कारकीर्दीच्या पायऱ्या

ह्या कारकीर्दीची पहिली पायरी आकडे गोळा करण्याची आहे. नवशिका सल्लागार कारखान्यात जातो. विजेची देयके, डिझेलच्या पावत्या, पाण्याच्या मापकाची नोंदवही, अपघातांची वही पाहतो आणि ती माहिती तक्त्यात उतरवितो. हे काम हलके समजले जाते. वस्तुतः पुढची सारी इमारत ह्याच पायावर उभी असते. दुसऱ्या पायरीवर तो ह्या आकड्यांचे विश्लेषण करतो, एका कारखान्याची दुसऱ्याशी तुलना करतो, कोठे बचत संभवते ते सांगतो. तिसऱ्या पायरीवर एका संपूर्ण कामाची जबाबदारी त्याच्यावर येते. अभियंते, लेखापाल आणि कंपनीचे अधिकारी ह्यांचा मेळ त्याला घालावा लागतो. चौथ्या पायरीवर तो विभागप्रमुख होतो. आता तो आकडे मोजत नाही. संचालक मंडळापुढे बोलतो, नवी कामे मिळवितो आणि अहवालाची जबाबदारी पत्करतो.

ह्या चढणीत एक विसंगती दडलेली आहे. मनुष्य जसजसा वर जातो तसतसा तो भट्टीपासून, विहिरीपासून आणि कामगारापासून दूर जातो. पण त्याच्या शब्दाचे वजन मात्र वाढत जाते. शिवाय ज्याच्या कारभाराविषयी मत द्यावयाचे त्याच्याकडूनच मेहनताना घ्यावयाचा, ही अडचण आहेच. सेबीने २०२३ च्या परिपत्रकात ह्या अडचणीची दखल घेतली असून जो पडताळणी करतो त्याने वा त्याच्या सहयोगी संस्थांनी त्याच कंपनीला सल्ल्याची सेवा विकू नये, असे म्हटले आहे. नियम योग्यच आहे. परंतु हितसंबंधांचा संघर्ष नियमाने टळला तरी अर्थाचा घोटाळा नियमाने टळत नाही. तो कसा होतो हे आता पाहू.

४. भट्टी, धूर आणि ‘व्याप्ती’

जालन्यातील पोलाद-उद्योग प्रामुख्याने बांधकामाच्या सळया करतो. भंगार आणि स्पंज लोखंड इंडक्शन भट्टीत विजेवर वितळवितात, त्याचे बिलेट ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्याच्या सळया ओढतात. आता अशा कारखान्यातून हवेत किती कार्बन जातो, हे सल्लागाराला सांगावयाचे आहे. त्यासाठी २००१ साली दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी प्रसिद्ध केलेली हिशेबपद्धती आज सर्वत्र वापरतात. तीत उत्सर्जनाचे तीन वर्ग केले आहेत. कारखान्याच्या आवारात जे इंधन जळते ते पहिल्या वर्गात. विकत घेतलेल्या विजेसाठी दूरच्या विद्युत्‌केंद्रात जे जळते ते दुसऱ्यात. आणि कच्चा माल, वाहतूक इत्यादींमुळे इतरत्र जे होते ते तिसऱ्यात. मराठीत ह्या वर्गांना ‘व्याप्ती’ हा शब्द योजतात.

न्यायशास्त्र जाणणाऱ्याला येथे थबकावेसे वाटेल. ‘व्याप्ती’ ही नैयायिकांची पारिभाषिक संज्ञा असून तिचे नित्याचे उदाहरण ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हेच आहे. आपल्या प्रस्तुत हिशेबात मात्र नेमके हेच नाते तुटले आहे. अग्नीचे काम जालन्याच्या भट्टीत होते आणि त्याचा धूर औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो. केवळ डोळ्यांना दिसणाऱ्यावरून अनुमान करणारा येथे फसतो.

एक ढोबळ उदाहरण घेऊ. समजा, एक टन पोलाद वितळविण्यास ६५० युनिट वीज लागली. आपल्या देशातील विजेच्या प्रत्येक युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे दुसऱ्या व्याप्तीत सुमारे ४५५ किलो झाले. ह्यात पुनर्तापन-भट्टीचे इंधन, म्हणजे पहिली व्याप्ती, थोडीफार भर घालील. तथापि घाणीत भंगाराऐवजी एक चतुर्थांश स्पंज लोखंड घातले असेल, तर चित्र पालटते. कोळशावर केलेल्या एक टन स्पंज लोखंडामागे साधारणतः दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आधीच सुटलेला असतो. त्याचा चौथा हिस्सा धरला तरी ५०० किलोंची भर पडते. हा आकडा तिसऱ्या व्याप्तीत मोडतो. पहिल्या दोन व्याप्तींचाच अहवाल देणारा कारखाना ह्या निम्म्या भाराविषयी अवाक्षर न काढता नियमाने वागल्याचे समाधान मिळवू शकतो.

ही केवळ विद्वानांची चर्चा नव्हे. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलाद’ कशास म्हणावे हे ठरविले. तयार पोलादाच्या एका टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच ते हरित, आणि १.६ टनांहून कमी असेल तर त्यास पाच तारे. विकत घेतलेल्या कच्च्या मालात सामावलेले उत्सर्जन ह्या हिशेबात धरले आहे. युरोपीय संघानेही आयात पोलादावर कार्बनाचा भार बसविण्याची व्यवस्था १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदीपुरती आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू केली आहे. जालन्याच्या सळया मुख्यतः देशातच खपत असल्या तरी मोठे खरेदीदार उद्या हे आकडे मागतील हे उघड आहे. त्या वेळी भंगारावर चालणाऱ्या भट्टीला तिचा हक्काचा लाभ मिळावयाचा असेल, तर भंगार किती व स्पंज किती ह्याची नोंद आजच नीट ठेवली पाहिजे. ती नोंद ठेवणारा कारकून वा भट्टीवरचा मुकादम इंग्रजी तक्ता वाचत नाही. ‘व्याप्ती तीन’ म्हणण्याऐवजी त्याला ‘आपल्या दारात येण्यापूर्वी ह्या मालासाठी किती कोळसा जळला’ असे विचारले, तर तो उत्तर देऊ शकतो.

५. ‘भागधारक’ कोण, ‘कामगार’ कोण

आकड्यांपेक्षाही अधिक गंभीर घोटाळा माणसांच्या नावांत होतो. सेबीच्या नमुन्यातील चौथे तत्त्व असे की, कंपनीने आपल्या व्यवहाराशी ज्यांचे हित निगडित आहे अशा सर्वांच्या हिताचा आदर करावा. ह्या ‘सर्वां’साठी इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे भाषांतर मराठी वृत्तपत्रांत व परिपत्रकांत सर्रास ‘भागधारक’ असे केलेले आढळते. पण भागधारक म्हणजे कंपनीचा भाग, म्हणजे शेअर, ज्याच्यापाशी आहे तो. एका शब्दाच्या चुकीने कारखान्याशेजारच्या शेतकऱ्याचे, ज्याची विहीर आहे त्या बाईचे आणि ज्याच्या छपरावर काजळी बसते त्या कुटुंबाचे नाव यादीतून गळते. उरतो तो केवळ मालक. जे तत्त्व मालकेतरांसाठी लिहिले गेले तेच भाषांतरात मालकांचे होऊन बसते. ‘हितसंबंधी’ हा दुसरा पर्याय आहे. परंतु ‘हितसंबंधीयांनी काम अडविले’ ह्यासारख्या वापरामुळे त्या शब्दाला दुर्वास चिकटला आहे. ‘हितसंबद्ध’ किंवा साधेच ‘संबंधित व बाधित’ असे म्हटल्यास अर्थ राखला जाईल, असे आम्हांस वाटते.

दुसरे उदाहरण कामगारांचे. त्याच नमुन्यात ‘कर्मचारी’ आणि ‘कामगार’ असे दोन वर्ग असून प्रत्येकात कायम व कायमेतर अशी पोटविभागणी आहे. दर दहा लाख मनुष्य-तासांमागे किती अपघातांनी काम बुडाले, हे दोन्ही वर्गांसाठी सांगावयाचे असते. आता कारखान्याच्या बोलीत ‘आमची माणसे’ आणि ‘ठेकेदाराची माणसे’ असा भेद असतो. ‘तुमच्याकडे गेल्या वर्षी किती कामगारांना इजा झाली?’ असा प्रश्न आकडे गोळा करणाऱ्याने केला आणि समोरच्याने प्रामाणिकपणे आपल्या हजेरीपटावरील माणसांपुरते उत्तर दिले, तर परप्रांतातून आलेला ठेक्यावरचा मजूर त्या उत्तरात येत नाही. वितळलेल्या लोखंडापाशी उभा मात्र बहुधा तोच असतो. कोणीही असत्य बोललेले नसते. तरीही अहवाल असत्य ठरतो. ही चूक संख्याशास्त्राची नव्हे, प्रश्नाच्या शब्दयोजनेची आहे. आणि तिचे मोल एखाद्या कुटुंबाला द्यावे लागते.

६. जिल्ह्यातील दुसरी परंपरा

ह्या पार्श्वभूमीवर जालना जिल्ह्यातच घडलेल्या एका वेगळ्या प्रकारच्या सल्लागारीकडे पाहणे उद्बोधक होईल. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि त्याचे खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र ह्यांच्याद्वारे विजयअण्णा बोराडे ह्यांनी गावोगावी पाणलोट-विकासाचे काम उभे केले. जालना तालुक्यातील कडवंची हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. नव्वदीच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट-विकास कार्यक्रमाखाली तेथे काम सुरू झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्याचा क्रम पाळला गेला. बांधबंदिस्ती, चर, नाला-बांध ही कामे झाली. पुढे शेततळी आणि द्राक्षबागा आल्या. मराठवाड्यातील २०१२-१३ च्या दुष्काळातही ह्या गावाचा दाखला दिला जात असे.

भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेते ती ह्या कामाची परिभाषा. ‘पाणलोट’, ‘समतल चर’, ‘बांधबंदिस्ती’, ‘शेततळे’ हे सर्व शब्द बोट दाखविता येईल अशा वस्तूंचे आहेत. ‘चराईबंदी’ आणि ‘कुऱ्हाडबंदी’ हे तर शब्दच नियम आहेत. फारसी ‘बंदी’ मराठी शब्दाला जोडून एक सामासिक आज्ञा तयार झाली आणि ती गावसभेत हात वर करून स्वीकारली गेली. ‘श्रमदान’ ह्या शब्दातही कोणी काय द्यावयाचे ते स्पष्ट आहे; इंडो-जर्मन कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या खर्चाचा १६ टक्के वाटा गावाने श्रमाच्या रूपाने उचलावयाचा असे. ह्याउलट कंपन्यांच्या अहवालांतील वाक्ये पाहा : ‘संसाधनांचा कार्यक्षम विनियोग सुनिश्चित केला जाईल’, ‘समुदायाचे सक्षमीकरण साधले जाईल’. कर्मणी प्रयोग, भाववाचक नामे आणि भविष्यकाळ! कोण करील, कोठे करील, केव्हा करील, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. आधी म्हटल्याप्रमाणे पेलणारा अदृश्य झाला तो असा.

अर्थात् गावच्या परिभाषेचेही आंधळे कौतुक करू नये. ‘शेततळे’ हा शब्द ऐकताच पावसाचे वाहून जाणारे पाणी साठविल्याचे चित्र उभे राहते. परंतु विहिरीतून वा विंधण-विहिरीतून उपसलेले पाणी प्लॅस्टिकच्या अस्तराच्या तळ्यात भरून ठेवले, तर ते सर्वांच्या भूजलातून एकाच्या मालकीत येते आणि उन्हाने त्याचा काही भाग उडूनही जातो. वस्तू तीच, नाव तेच. हिशेब मात्र उलटा. येथे आकडे मागणारा, पाणी कोठून आले असे विचारणारा सल्लागार हवाच. म्हणजे गावच्या परंपरेकडे स्पष्ट शब्द आहेत आणि नव्या व्यवसायाकडे काटेकोर मोजमाप आहे. दोघांनी एकमेकांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ह्या व्यवसायातील श्रेष्ठ मनुष्याची कसोटी तीन गोष्टींत आहे. त्याला मोजता आले पाहिजे, कायदा कळला पाहिजे आणि ज्यांच्याविषयी तो लिहितो त्यांच्याशी बोलता आले पाहिजे. पहिल्या दोहोंचे शिक्षण विद्यापीठे व संस्था देतात. तिसऱ्याचे कोणी देत नाही. ते मराठी विभागांनी व भाषाशास्त्र विभागांनी अंगावर घ्यावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. भट्टीवरचे कामगार, बीजोत्पादक शेतकरी व कारखान्यांतील कारकून ह्यांच्यात बसून ह्या विषयाचा एक लहान शब्दसंग्रह सिद्ध करावा. आणि त्यात केवळ प्रतिशब्द न देता प्रत्येक संज्ञेमागे विचारावयाचा साधा प्रश्न द्यावा. असा कोश भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्याचा उत्तम धडा देईल, आणि व्यवसायात नव्याने शिरणाऱ्या तरुणाला त्याची पहिली पायरी नीट चढता येईल.

दुसरी सूचना कायद्याविषयी. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. ज्याच्या दारात कारखाना येणार त्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्याने अशा रीतीने मान्य केलेले आहे. मग तोच कारखाना चालू झाल्यावर, त्याच शेजाऱ्याच्या पाण्याचा व हवेचा जो वार्षिक हिशेब दिला जातो, त्याला हे तत्त्व का लागू असू नये? वार्षिक अहवालाचा चार पृष्ठांचा मराठी सारांश गावच्या चावडीवर लागला, तर त्यातील एखादा आकडा चुकीचा असल्याचे पहिल्यांदा एखाद्या शेतकऱ्याच्या लक्षात येईल. अशी दुरुस्ती दूरच्या शहरात बसलेल्या पडताळणी-तज्ज्ञाला साधणार नाही. जो हिशेब ज्याच्याविषयी आहे त्याला वाचता येतो, तोच टिकण्याची आशा अधिक.